गाळलेली तीन वचने

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी, २८ डिसेंबर २०२५ ला, आमच्या चर्चमध्ये पवित्र कुटुंबाचा सण होता. सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी नेहमीच्या जागी, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसले होते. शुभवर्तमान मत्तयाचे, दुसऱ्या अध्यायातले. दूत योसेफाला स्वप्नात सांगतो, ऊठ, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशात पळून जा. तो रातोरात निघतो. पुढच्या ओळीत हेरोद राजा मेलेला असतो आणि तिघे परत येऊन नाझरेथला राहतात. वाचनाच्या पुस्तकात या दिवसासाठी तेरा ते पंधरा आणि एकोणीस ते तेवीस एवढीच वचने नेमून दिलेली आहेत. मधली सोळा, सतरा आणि अठरा गाळलेली आहेत.

त्या तीन वचनांत हेरोद बेथलेहेममधले दोन वर्षांचे आणि त्याहून लहान सगळे मुलगे मारून टाकतो. रामा गावात रडणे आणि मोठा आकांत ऐकू येतो. राहेल, इस्राएल लोकांची पूर्वज माता, आपल्या मुलांसाठी रडते आहे, आणि कोणी तिची समजूत घातलेली तिला नको आहे, कारण तिची मुले आता नाहीत.

एरवी ही वचने २८ डिसेंबरलाच वाचली जातात, कारण तो निष्पाप बालकांचा सण. या वर्षी ती तारीख रविवारी आली आणि पवित्र कुटुंबाच्या सणापुढे तो सण मागे पडला. त्यामुळे नाताळच्या अख्ख्या आठवड्यात राहेलचे रडणे आमच्या चर्चमध्ये ऐकूच आले नाही. यात कोणा धर्मगुरूंची चूक नाही, पंचांगच तसे आहे. पण मिस्सा संपल्यावरही मला बाकावरून उठवेना. हेच शुभवर्तमान, हीच वचने गाळून, २६ डिसेंबर २००४ च्या, म्हणजे सुनामीच्या, रविवारी नेमलेली होती. तेव्हा मी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, वेलंकणीच्या तीर्थस्थानी होते.

मी वसईच्या एका गावातली निवृत्त शिक्षिका आहे, इतिहास शिकवत असे. आमच्या भागातून वेलंकणीला जाणारे किती आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सप्टेंबरच्या यात्रेत तर तिथे मराठीतूनही मिस्सा होते. आम्ही मात्र नाताळात गेलो होतो. आधीच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचा पाय अपघातात मोडला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि तो पुन्हा चालू लागला. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, वेलंकणीच्या आरोग्यमातेला, म्हणजे मरियेला, चांदीचा पाय वाहायचा नवस बोलला होता. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे बस. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आम्ही तिथेच ऐकली, वाळूत उभ्या राहून, कारण आत तीळ ठेवायला जागा नव्हती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही नऊच्या आधी बॅसिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, आलो. तेव्हा मल्याळम मिस्सा चालू होती. वहिनीने बॅगेतून तो चांदीचा पाय काढून पाहिला, रुमालात गुंडाळून परत ठेवला आणि म्हणाली, “तू जागा धर. मी पाय ओले करून आले.” नवस फेडण्याआधी समुद्रात पाय धुवायचे, अशी रीत. मी तिच्या जागेवर शाल टाकली. मल्याळम मला कळत नव्हते, म्हणून आमच्या मराठी पुस्तिकेत त्या दिवसाचे वाचन काढून मनात वाचत बसले. ऊठ, बाळाला आणि त्याच्या आईला घे.

पाणी आले हे आत आधी कळले ते आवाजाने, आणि मग ओल्या माणसांमुळे. दारातून माणसे ढकलत आत येत होती. कोणाच्या पायात चपला नव्हत्या, एका बाईच्या कडेवर मूल होते आणि ती “कडल, कडल” असे ओरडत होती. कडल म्हणजे समुद्र, हे मला संध्याकाळी कळले. पाणी बॅसिलिकेत शिरले नाही. हे खरे आहे, मी स्वतः पाहिले आहे. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मेणबत्त्यांची दुकाने, शिंपल्यांच्या टपऱ्या आणि किनाऱ्यावर आंघोळ करत असलेली माणसे गेली.

आम्ही तिला तीन दिवस शोधले. पहिला दिवस इस्पितळांत गेला, दुसरा प्रेतांच्या रांगांत. तिसऱ्या दिवशी एका टेबलावर मांडलेल्या फोटोंमध्ये ती सापडली. पुरण्याआधी घेतलेला फोटो होता. हातातल्या बांगड्यांवरून ओळखली. तोवर तिला इतरांबरोबर एकाच मोठ्या खड्ड्यात ठेवले गेले होते. ती तारीख होती २८ डिसेंबर, निष्पाप बालकांचा सण. त्या फोटोंत मुलांचे फोटो किती होते, ते मी लिहीत नाही.

इतिहासाची शिक्षिका म्हणून आकडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ क्षमतेचा भूकंप झाला. लाट तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागायला दोन तासांहून जास्त वेळ होता. एवढ्या वेळात एक भोंगा वाजला असता तर वहिनी पायऱ्या चढून परत आली असती. पण हिंदी महासागरात तेव्हा सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचे केंद्र २००७ मध्ये सुरू झाले. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे गेली. चौदा देशांत मिळून सुमारे २ लाख ३० हजार.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगते. दरवर्षी २६ डिसेंबरला माझ्या मोबाइलवर एक संदेश येतो. यंदा तो चार गटांवर आला, त्यातला एक आमच्या गावच्या रोजरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, गटावर. बॅसिलिकेचा फोटो, खाली लाटेचे चित्र आणि मजकूर असा की मातेने आपल्या लेकरांना वाचवले, मिस्सा चालू होती म्हणून समुद्र दाराशी येऊन परत फिरला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. पाठवणारी माणसे माझ्या ओळखीची आहेत, प्रेमळ आहेत. त्यांतल्या दोघी वहिनीच्या मिस्साला आल्या होत्या.

संदेशात ज्यांना वाचवले म्हटले आहे, त्यांच्यातली मी एक आहे. म्हणून मला बोलण्याचा हक्क आहे असे मी मानते. समुद्र आमच्यासाठी थांबला असेल, तर वहिनीसाठी का थांबला नाही? तीही त्याच मातेकडे आली होती. तिच्या रुमालात नवस होता. माझ्यापेक्षा तिची श्रद्धा मोठी होती, हे आमच्या घरातले कोणीही सांगेल. श्रीलंकेत मातारा गावी मातेच्याच चर्चमध्ये त्याच सकाळी मिस्सा चालू असताना लाट आत शिरली आणि भाविक वाहून गेले. नेपाळमध्ये आठवड्याची सुटी शनिवारी असते, म्हणून तिथले ख्रिस्ती लोक शनिवारी उपासनेला जमतात. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारीच झाला, दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना. चर्च भरलेली होती. प्रार्थना करता करता माणसे विटांखाली गेली. त्यांच्या घरच्यांनी आपला हा संदेश वाचला तर त्यांना काय वाटेल?

देवाचे आभार मानू नका, असे माझे म्हणणे नाही. मी रोज मानते. वेलंकणीचे चर्चच आभारातून उभे राहिले आहे. सतराव्या शतकात वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी मातेचा धावा करत किनाऱ्याला लागले, तो ८ सप्टेंबर होता, आणि त्यांनी तिथे देऊळ बांधले अशी परंपरा आहे. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेन. अलीकडे मला त्या वादळातल्या दुसऱ्या गलबतांची आठवण येते, जी किनाऱ्याला लागली नसतील. बुडालेल्यांना चर्च बांधता येत नाही. म्हणून वाचलेल्यांच्या गोष्टी उरतात, आणि आपण त्याच पुन्हा पुन्हा सांगतो.

चमत्काराची दुसरी बाजू शिक्षेची. वहिनीच्या सातव्या दिवशी आमच्या ओट्यावर एक गृहस्थ म्हणाले, नाताळात किनाऱ्यावर काय काय चालते, देव किती सहन करेल. माझा भाऊ शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, उठून मागच्या केळीच्या वाडीत गेला. एक तासाने मी त्याला आणायला गेले तेव्हा तो पाण्याच्या पाटाशी उभा होता.

हा विचार जुना आहे. पोर्तुगीज वसई सोडून गेले १७३९ मध्ये. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ ला, त्यांची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली. तो सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, चर्च भरलेली. छपरे भाविकांवर पडली, वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि मग नदीतून लाट आली. पुढच्याच वर्षी मालाग्रिदा नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने पुस्तिका छापली की हे नैसर्गिक कारणांनी झाले असे म्हणू नका, ही आपल्या पापांची शिक्षा आहे. गुडघ्यांवर बसलेली माणसे त्या दिवशी कोणत्या पापाची शिक्षा भोगत होती?

येशूपुढेही हा प्रश्न आला होता, आणि त्याचे उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोह येथे बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हाला वाटते का, असे तो विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. बुरुजाबाहेर राहून जे वाचले त्यांची पाठ तो थोपटत नाही, त्यांनाही पश्चात्ताप करा म्हणून बजावतो. एवढे स्पष्ट शब्द हातात असताना आपण ते संदेश का पुढे ढकलतो, हे मला कळत नाही.

मग आपत्तीनंतर चर्चमध्ये जमायचे कशाला, असे कोणी विचारेल. माझ्यापाशी त्याचे उत्तर दोन प्रसंगांचे आहे.

पहिला प्रसंग २७ डिसेंबरच्या संध्याकाळचा. आवारात शेकडो माणसे जमिनीवर बसली होती. वीज येत-जात होती. कोणीतरी तमिळमध्ये रोजरी सुरू केली. मला ‘मरिये’ एवढाच शब्द ओळखू येत होता. तेवढ्यावर मी माझे “नमो मरिये” म्हणत होते, शेजारी एक कुटुंब मल्याळममध्ये म्हणत होते. माझ्या डाव्या बाजूला एक कोळीण होती, कपाळावर कुंकू, तिची दोन मुले सापडत नव्हती. तिला रोजरी येत नव्हती. ती नुसती माझ्या मण्यांच्या माळेचे खालचे टोक धरून बसली. पन्नास मणी संपेपर्यंत तिने ते सोडले नाही. त्या संध्याकाळी प्रवचन झाले नाही, कोणी साक्ष दिली नाही, लाट का आली ते कोणी सांगितले नाही. त्याच दिवसांत तिथून जवळच नागोरच्या दर्ग्याने आपल्या जागेत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळी प्रेते पुरू दिली, हे मला नंतर कळले. त्या कोळणीच्या मुलांचे काय झाले ते मला ठाऊक नाही. तिच्यासाठी मी अजून दहा मणी वेगळे म्हणते.

दुसरा प्रसंग आमच्या चर्चमधला, जानेवारी २००५ चा. शवपेटीशिवायची मिस्सा आमच्या गावाने तोवर पाहिली नव्हती. वेदीसमोर एक टेबल, त्यावर वहिनीचा लग्नातला फोटो आणि रुमालात गुंडाळलेला तो चांदीचा पाय. तिची बॅग माझ्यापाशी राहिली होती आणि भाच्याने तो पाय तिथे ठेवायला लावला. गायनमंडळाने पुनरुत्थानाचे गीत बसवले होते. धर्मगुरूंनी त्यांना थांबा म्हटले. मग त्यांनी मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातली सोळा ते अठरा ही वचने वाचली. पुस्तक मिटले आणि म्हणाले, “राहेलला समजूत नको आहे. म्हणून आज मी समजूत घालणार नाही.” आणि खुर्चीत जाऊन बसले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण बाहेर रस्त्यावरून एसटी गेली आणि तिचा आवाज पार दूरपर्यंत ऐकू येत राहिला. मग माझा भाऊ रडला. तेरा दिवसांत पहिल्यांदा. त्याच्यामागे सगळे चर्च रडले. त्यानंतर गीत झाले आणि आम्हा सर्वांना ते म्हणता आले.

ते धर्मगुरू आता हयात नाहीत. त्यांनी आमच्या घरासाठी त्या दिवशी काय केले, हे त्यांना नीट सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले तेव्हाची एक गोष्ट जाता जाता. लोकल बंद, वीज नाही, मिठागरांतली माणसे अडकलेली. त्यानंतरच्या रविवारी अर्पणाच्या वेळी लोकांनी वेदीपाशी चादरी, टोप, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे आणून ठेवले आणि दुपारपर्यंत ते वाटलेही गेले. वसईकर म्हणून अभिमान वाटावा असा तो रविवार होता. पण त्याच मिस्सात लोकांच्या प्रार्थनांत एकाने माइकवर सांगितले, आमच्या गल्लीत पाणी आले नाही म्हणून आम्ही देवाचे आभार मानतो. माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीचे सगळे घर पाण्यात होते. तिने मान खाली घातली. खरे तर त्या गल्लीत पाणी आले नाही कारण तिथले बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे जुने तळे, अजून शाबूत आहे, आणि मुलीच्या गल्लीतले बावखल बुजवून वर इमारत बांधलेली आहे. देवाच्या नावावर काय घालावे आणि कोणाच्या नावावर काय, हे आपण जपून ठरवायला हवे.

म्हणून माझी आमच्या धर्मग्रामांच्या उपासना समित्यांना आणि धर्मगुरूंना विनंती आहे, आणि ती आपल्या वृत्तपत्रातून करते कारण मराठी ख्रिस्ती घरांत ते वाचले जाते. दरवर्षी २६ डिसेंबरच्या मिस्सात लोकांच्या प्रार्थनांमध्ये आपत्तींत गेलेल्यांसाठी एक प्रार्थना असावी. गावातले कोणी गेले असेल तर नाव घेऊन. नाव वाचल्यावर लगेच पुढचे वाचू नये, थोडे थांबावे. आणि ज्या वर्षी निष्पाप बालकांचा सण मागे पडेल, त्या वर्षी ती तीन वचने संध्याकाळच्या रोजरीला तरी कोणी मोठ्याने वाचावीत. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. या वर्षी मी ती माझ्या घरी, ओट्यावर वाचली. भाचा, त्याची बायको आणि त्यांची दोन मुले होती. धाकटीने विचारले, राहेलला मग कोणीच गप्प केले नाही का? मी म्हटले, नाही. ती म्हणाली, बरे झाले.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्याकडे सगळे गाव दफनभूमीत असते. प्रत्येक थडग्यावर फुले, मेणबत्त्या. आमच्या वहिनीचे थडगे इथे नाही. माझा भाऊ जिवंत होता तोवर नाक्यावरच्या क्रुसापाशी तिची मेणबत्ती लावत असे. आता भाचा लावतो, थोडा लंगडत जाऊन. चांदीचा पाय अजून आमच्या कपाटात आहे. वेलंकणीला तो नेऊन द्यायला भाचा तयार नाही, आणि मी आग्रह करत नाही.

२०२१ मध्ये २६ डिसेंबरला पुन्हा रविवार आला होता. त्या वर्षीचे वाचन लूकमधले होते. बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये हरवतो आणि त्याचे आईबाप त्याला तीन दिवस शोधतात. हे वाचन मी शेकडो वेळा ऐकले असेल, पण तीन दिवस हा शब्द त्या सकाळी मला नवा होता. २०२७ मध्ये २६ डिसेंबरला पुन्हा रविवार आहे आणि वाचन तेच असेल. तेव्हा मी असेन तर आमच्या चर्चमध्ये लोकांच्या प्रार्थनांत एक प्रार्थना मी स्वतः वाचणार आहे, तशी आमच्या धर्मगुरूंची परवानगी मी गेल्या रविवारीच मिस्सा संपल्यावर मागून घेतली. कागद लिहून तयार आहे. त्यावर वहिनीचे नाव आहे, आणि त्या कोळणीच्या दोन मुलांसाठी, त्यांची नावे मला माहीत नाहीत म्हणून, दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई